पिलं नाही, फवारलं

आमच्या गावात कीटकनाशकाला औषध म्हणतात. विष म्हणत नाहीत. ‘तुरीला औषध मारायचंय’, ‘औषध आणायला वाशीला गेलेत’ असंच बोलतात. तापलेल्या लेकराला चमच्यानं पाजायचं तेही औषध आणि अळीवर मारायचं तेही औषध. हा शब्द घराघरात इतका रुळलाय, की त्याच्याकडं कुणी वळून बघत नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे मिस्टर तालुक्याच्या गावी, वाशीला, खत-बियाणं आणि औषधांचं दुकान चालवतात. म्हणजे आमच्या घरी तर औषध हा रोजच्या तोंडातला शब्द.

गाव बालाघाटाच्या पठारावर आहे. झाड कमी, वारा भरपूर. त्या वाऱ्यासाठीच आमच्या शिवारात पवनचक्क्या आल्या. आधी रस्ते झाले, मग लांबलचक गाड्यांवरून पाती आली. गावातली सगळी लेकरं शाळा सोडून ती बघायला पळाली आणि मीही त्यांच्यामागं गेले. एवढी मोठी वस्तू गावानं कधी पाहिली नव्हती. पहिले काही दिवस कौतुक होतं. पुढच्या पावसाळ्यात मृगाचा पाऊस लांबला आणि लोक वर बघायला लागले. ढग यायचे, डोंगरावरून सरकायचे आणि न बरसता निघून जायचे. खाली ती पाती शांतपणे फिरत असायची. दिवाळीपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला होता. चक्क्या ढग कापतात, पाऊस हाकलून देतात.

याच काळात आमच्या पडवीतली फळी कशी होती ते सांगते. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्या म्हणतो. आत्यांच्या पिठाच्या डब्याशेजारी औषधाच्या बाटल्या असायच्या. सगळ्यात जहाल लाल त्रिकोणाच्या, त्याखालच्या पिवळ्या त्रिकोणाच्या, अर्ध्या भरलेल्या, अर्ध्या सांडलेल्या. रिकाम्या झालेल्या बाटल्या आणि कॅन आत्या टाकून देत नसत. राखेनं घासायच्या, उन्हात पालथ्या घालायच्या आणि त्यातून शेतात प्यायचं पाणी जायचं.

“आत्या, ह्यात नका पाणी देऊ,” मी म्हणायची.

“राखंनं घासून घासून धुतलीय मी. वास येतोय का बघ बरं,” आत्या बाटली माझ्या नाकाशी धरायच्या. “वास न्हाय म्हंजी काय बी न्हाय. झाकण किती घट हाय, गळत न्हाय. बाजारातली बाटली एका उन्हात चिरती.”

ज्याला वास नाही त्यात काही नाही. जे सगळ्यांच्या घरात आहे त्यात काही नाही. जे आपल्या हातानं आणलंय, आपल्या हातानं मिसळलंय, त्यात तर काहीच नाही. आणि जे दुसऱ्यानं आणून आपल्या डोक्यावर उभं केलंय, न विचारता, ते घातक. मला हे तेव्हा असं नीट मांडता आलं नसतं. मला फक्त राग यायचा.

एका सकाळी देवळाच्या सभामंडपात कंपनीचा इंजिनियर आला. तरुण होता, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली, ढग किती उंचीवर असतात ते समजावलं. सगळं बरोबर होतं. मी शाळेत तेच शिकवते. चित्रं संपल्यावर आमच्या शेजारचे एक म्हातारे उठले. धोतर सावरत म्हणाले, “साहेब, तुमचं समदं खरं. पण चक्क्या आल्यापास्नं पाऊस हटलाय, हे आमी डोळ्यानं बघितलंय. त्याचं काय?”

इंजिनियर हसला. चांगला मोकळा हसला, आणि बरोबरच्या माणसाकडं बघून त्यानं मान हलवली. “बाबा, घरात पंखा लावल्यावर छप्पर उडतं का? हे सगळं अज्ञान आहे.”

म्हातारे खाली बसले नाहीत. “बरं, ते ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “तुमच्या रस्त्यानं माझ्या वावराकडचा ओढा बुजला. पाणी तुंबून सोयाबीन सडलं. रस्ता करताना इचारलं व्हतं का आमाला?”

“ते कंत्राटदाराकडं सांगा. माझ्याकडं येत नाही ते,” इंजिनियर म्हणाला आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

ढगाच्या प्रश्नाला त्याच्याकडं चित्रं होती. ओढ्याच्या प्रश्नाला काही नव्हतं. म्हातारे घरी जाताना ढगाचंच बोलत गेले. ओढ्याचं गाऱ्हाणं कुणी ऐकून घेत नव्हतं, ढगाचं म्हटलं की निदान वर्तमानपत्रवाला तरी येत होता. मला त्या दिवशी गावाचाही राग आला आणि त्या हसण्याचाही. पण गावाचा जास्त आला, हे खरं.

पुढच्या हंगामात चक्क्यांच्या विरोधात वाशीला तहसीलवर मोर्चा ठरला. गावातलं बहुतेक घर गेलं. मिस्टरही दुकान बंद ठेवून त्यात सामील झाले, कारण गिऱ्हाईक सगळं मोर्चात. मी शाळेत होते. माझे दीर तेवढे गेले नाहीत. तूर फुलोऱ्यात आलेली, अळी दिसायला लागलेली, आणि ते म्हणाले, आज वारा कमी आहे, आज मारून घेतो. पाठीवर पंप, अंगात जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात काही नाही. बादलीत दोन औषधं आणि वर एक पीकवाढीचं टॉनिक, काठीनं नाहीतर हातानंच ढवळायचं. सगळे असंच करतात.

दुपारी माझी जाऊ त्यांची भाकरी घेऊन रानात गेली. तिचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. ती रडत नव्हती. “अक्का, ह्यांना दिसंना झालंय. तोंडातून पाणी गळतंय. बोलवलं तरी वळखंनात.”

मी स्कूटी काढली आणि थेट रानात गेले. दीर बांधावर बाभळीखाली टेकून बसले होते. अंघोळ करून आल्यासारखे घामानं भिजलेले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, दंडाचं मांस आपोआप थडथडत होतं. शर्टाला लसणीसारखा उग्र वास. रिकामा पंप बाजूला पडलेला. जाऊ पदरानं त्यांचं तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा, त्याच पदरानं. शेजारच्या वावरातले एकजण जीप घेऊन आले आणि आम्ही त्यांना उचलून आधी घरी आणलं, कारण आत्यांना न विचारता कुठं न्यायचं हे कुणाला सुचत नव्हतं.

तोवर मोर्चाची माणसं परत यायला लागली होती. आत्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी लिंबूपाणी आणलं. “ऊन लागलंय,” सगळे म्हणत होते. एकानं हात वर करून डोंगराकडं दाखवलं. “सकाळपास्नं त्या चक्कीखाली व्हता त्यो. ती घूं घूं कानात शिरून माणसाचं डोकं फिरतं. आज तहसीलदाराला हेच सांगून आलोय.” आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. पंप, बादली, भिजलेला शर्ट त्यांच्या पायाशी होता.

मी ओरडले. सासरच्या अंगणात, जमलेल्या बाप्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच आवाज चढवला. “कांदा फेका तो! दवाखान्यात न्या आधी!”

वाशीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी दिरांची पापणी वर केली, बॅटरी मारली. बुबुळातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. त्यांनी शर्टाचा वास घेतला आणि आमच्याकडं वळले.

“औषध पिलंय का ह्यांनी?”

आत्या ताडकन पुढं आल्या. “न्हाय! माझं लेकरू तसल्यातलं न्हाय. सुखाचा संसार हाय त्याचा. ऊन लागलंय त्याला.”

“आजी, खरं सांगा. पिलं असलं तर तसं लिहावं लागतं, पोलिसांना कळवावं लागतं. पण उपचार त्यावरच ठरतो.”

पोलीस म्हटल्यावर दारातली माणसं अजून जवळ सरकली. आत्या माझ्या मिस्टरांकडं बघत होत्या. मिस्टर नुकतेच धावत आले होते, आणि त्या बाटल्या त्यांच्याच दुकानातून गेल्या होत्या. कुठलं औषध, किती कडक, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. ते फरशीकडं बघत उभे राहिले. “ऊनच असंल,” ते पुटपुटले.

मी पुढं झाले. “पिलं नाही डॉक्टर, फवारलं. सकाळपासून फवारत होते. अंगावर उडालंय, हातानं कालवलंय.”

आत्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. “गप बस. माझ्या लेकाच्या नावाला डाग लावती व्हय? गावात काय म्हंतील? औषध पिलं म्हंतील!”

“फवारलं म्हणतेय मी, आत्या. पिलं म्हणत नाही.”

“एकच की ते!”

तो क्षण मी अजून विसरू शकत नाही. आत्यांच्या डोक्यात, आणि त्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात, औषधानं माणसाचं वाईट होण्याची एकच वाट होती. तोंडानं प्यायचं, जीव द्यायला. तसं केलं तर ते विष. न पिता अंगावर सांडलं, श्वासात गेलं, कातडीतून मुरलं, तर ते पुन्हा औषध. आणि ज्यानं पिलं नाही त्याला काही झालंच, तर ते ऊन किंवा चक्की. एका माणसाचा जीव जात होता आणि आम्ही त्याची अब्रू वाचवत होतो. ही भीती आत्यांनी घरी बसून तयार केलेली नव्हती. पोलीस, पंचनामा, सोयऱ्यांची कुजबुज, सगळं त्यांनी दुसऱ्यांच्या घरी पाहिलेलं होतं. पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल माया नव्हती. चीड होती.

“बाटली आणा,” डॉक्टर मिस्टरांना म्हणाले. “नाव कळलं पाहिजे.”

मिस्टर बाहेर पडले आणि रानातून दोन्ही बाटल्या घेऊन आले. तोवर डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती. दिरांचे कपडे उतरवून नर्सनं त्यांना साबणाच्या पाण्यानं पुसून काढलं. संध्याकाळी रुग्णवाहिकेतून त्यांना धाराशिवला हलवलं. कित्येक दिवस ते तिथं होते. वाचले. घरी आले तेव्हा हात कापत होते आणि तळपायाला मुंग्या होत्या. पाय दुसऱ्याचेच असल्यासारखे वाटतात, असं ते म्हणायचे.

भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसायची, चहा प्यायची, आणि उठताना डोंगराकडं बघून म्हणायची, “त्या चक्कीनं केलं बघा.” आत्या होकार द्यायच्या. त्यांना ते सोयीचं होतं. चक्कीनं झालं म्हटलं की लेकाचा दोष नाही, घराचा नाही, थोरल्या लेकाच्या दुकानाचाही नाही. मी आतून ऐकत राहायची आणि माझे हात पिठात तसेच थांबायचे.

महिन्याभरानं त्याच सभामंडपात ग्रामसभा झाली. तालुक्याचे एक अधिकारी आले होते, त्यांच्या शेजारी तोच इंजिनियर. गावातल्या एका पुढाऱ्यानं माईक घेतला. चक्क्यांनी पाऊस नेला, जनावरं आटली, असं सांगत तो आमच्या घरावर आला. “आणि आता माणसं पडायला लागली! चक्कीच्या आवाजानं आपला एक धडधाकट गडी रानात कोसळला. त्याचे हात अजून कापतात!” टाळ्या पडल्या.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. उभी राहिले. “ते माझे दीर आहेत,” मी म्हणाले. “चक्कीनं नाही पडले. फवारणीनं पडले. दवाखान्यात सगळं लिहिलेलं आहे. ह्या मंडपातल्या किती जणांना फवारून आल्यावर ओकारी होते, डोकं धरतं, रात्रभर डोळे चुरचुरतात, ते सांगा. त्यासाठी कधी मोर्चा काढलाय?”

मागून एकजण म्हणाला, “दुकान तुमचंच हाय की, बाई.” मंडप हसला. त्या हसण्यानं माझे कान तापले, पण तो खोटं बोलत नव्हता.

आणि तेवढ्यात त्या अधिकाऱ्यानं टाळी वाजवली. “बघा, शिकलेल्या बाईंना कळतंय. पवनचक्कीचा काही धोका नाही, ह्या स्वतः सांगताहेत.” इंजिनियर पुढं झुकून हसत होता.

मी इंजिनियरकडं वळले. “मी असं काहीही सांगितलेलं नाही. चक्की ढग कापत नाही, एवढंच मला माहीत आहे. तुमच्या रस्त्यानं ओढा बुजला, ते मी जाऊन बघितलंय. ह्या लोकांनी तुम्हाला तेही विचारलं होतं, तेव्हा तुम्ही वायर गुंडाळत होता. खरं दुखणं ऐकायला तुमच्याकडं वेळ नाही, आणि मग खोट्या भीतीला हसता. हसून कुणाची भीती जात नसते.”

अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. पुढाऱ्यानं माईक परत घेतला. मी दोन्ही बाजूंना नको झाले होते. घरी येताना शेजारचे म्हातारे माझ्याबरोबर काही पावलं चालले. “ओढ्याचं बोललीस, बरं केलंस,” ते म्हणाले. “पण पाऊस चक्कीनंच हटलाय, पोरी.” मी त्यांच्याकडं बघितलं. ते अगदी मनापासून सांगत होते. मला हसू आलं नाही.

आत्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. चारचौघांत घराचं नाव काढलं, हा त्यांचा राग. मिस्टर बोलत होते, पण जेवणापुरतं. एका सकाळी मी त्यांना विचारलंच. “दवाखान्यात गप्प का राहिलात?”

ते सॉक्स ओढत राहिले. “बाटलीवर समदं लिहिलेलं असतं,” ते म्हणाले. “हातमोजे घाला, तोंड बांधा, जेवू नका. मी दुकानदार, मी काय प्रत्येकाच्या वावरात जाऊ?”

“वाचता येईल एवढं मोठं लिहिलेलं असतं का ते? तुम्ही तरी वाचलंय का कधी?”

त्यांनी बुटात पाय घातला, आणि जाता जाता त्यांच्या तोंडून निघून गेलं ते मला जास्त लागलं. “माझ्या भावाला काय व्हणार, असंच वाटत व्हतं मला. आपल्या माणसाला काय व्हत नसतं.”

या सगळ्याला खरं वळण दिलं ते माझ्या जावेनं, आणि तिनं एकही भाषण केलं नाही. हरभऱ्याला फवारणी आली. दीर रानात जाण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून मिस्टरांनीच सुट्टीच्या दिवशी पंप घेतला. या वेळी पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल होता, एवढाच फरक. संध्याकाळी त्यांनी कपडे नेहमीसारखे मोरीत टाकले. जाऊ आली, तिनं काठीनं ते कपडे उचलले, परसात नेले आणि कुंपणाच्या काट्यांवर टाकून दिले.

“हे काय?” आत्या म्हणाल्या.

“मी धुणार न्हाय,” जाऊ म्हणाली. तिच्या कडेवर तिचं तान्हं होतं. “ह्याच दगडावर ह्याच्या लंगोट्या धुते मी. त्या दिशी ह्यांचा शर्ट दवाखान्यातून आला, त्यो बी म्याच धुतला. माझ्या हाताची सालं निघाली, ते कुणी बघितलं का?”

तिनं हात पुढं केला. बोटांच्या बेचक्यात कातडी अजून सोललेली आणि लाल होती. मी तिच्याच घरात राहत होते आणि मी ते पाहिलं नव्हतं. मी ग्रामसभेत बोलले, त्याच्या आधीच ती मोरीत तो शर्ट चोळून बसली होती.

“साबणानं व्हतं तसं,” आत्या म्हणाल्या आणि स्वतः परसात गेल्या. काट्यांवरचे कपडे काढून दगडावर बसल्या आणि धुवायला लागल्या. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. जावेनं जाऊन त्यांच्या हातातून कपडे घेतले नाहीत, मीही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आत्यांच्या हाताला ज्या भेगा पडल्या होत्या त्यांत आग होत होती. भाकरी थापताना हात झटकत होत्या, तेवढं दिसलं.

पाण्याच्या टाकीवर ही गोष्ट पसरली. जाऊ धुणार नाही म्हणाली, हे आधी बायकांना आगाऊपणाचं वाटलं. मग एकेक बोलायला लागली. फवारणीच्या धुण्यानं हाताला खाज सुटते. डोळ्यांतून पाणी येतं. एकीचं लेकरू त्याच टबात बसलं आणि अंगभर पुरळ आलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपापल्या मोरीत, एकेकटीला. बाईच्या हाताला खाज सुटणं ही काय सांगायची गोष्ट आहे? चक्की अख्ख्या गावाला दिसते, मोरी कुणाला दिसत नाही. मला त्या टाकीपाशी उभं राहून रडावंसं वाटलं, रागानं. इतकी वर्षं आम्ही आकाशाकडं बोट दाखवत होतो.

हळूहळू आमच्या आळीत फवारणीचे कपडे काट्यांवर दिसायला लागले. गडी चिडले. कुणी बायकोला शिव्या दिल्या, कुणी आमच्या दारात येऊन मला दिल्या. “मास्तरीण बाईनं बिघडवलं,” असं म्हणायचे. पण धुतलेले कपडे नसले की माणूस रानात कसा जाणार? शेवटी आमच्या विहिरीवर, पाण्यापासून जरा लांब, मिस्टरांनी एक जुनं सिमेंटचं टाकं ठेवलं, तिथं ते स्वतःचे कपडे स्वतः खळबळून टाकायला लागले. दुसऱ्या दोन-चार विहिरींवरही तसं झालं. सगळीकडं झालं असं नाही.

आत्यांनी माफी मागितली नाही, मला अपेक्षाही नव्हती. एके दिवशी शाळेतून आले तर पडवीतली फळी रिकामी होती. बाटल्या त्यांनी गोठ्यामागच्या खोपटात नेऊन ठेवल्या होत्या आणि दाराला दोरी बांधली होती. पाण्यासाठी दोन तांब्याचे जुने चंबू माळ्यावरून खाली आले होते. “जड हाय,” त्या म्हणाल्या, “पण चिरत तर न्हाय.” आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

दीर आता पुन्हा शेतात जातात. मुंग्या गेल्या नाहीत. कृषी खात्यानं मध्ये एक शिबिर घेतलं. काही जणांना हातमोजे आणि चष्मे दिले, फोटो काढला, गाडी निघून गेली. ते हातमोजे इतके जाड, की त्यात बोट वाकत नाही. दिरांनी एकदा घातले, भर दुपारी, आणि काढून बांधावर फेकले. “वहिनी, हात उकडून निघतो ह्यात. ज्यानं ही वस्तू केली, त्याला आमच्या तुरीत उभं करा.” कार्यालयात पंख्याखाली बसून ही वस्तू पसंत करणाऱ्या माणसाचाही मला तितकाच राग येतो, जितका कांदा हुंगवणाऱ्यांचा आला होता. लोक धोका मानत नाहीत, असा ठपका ठेवायचा आणि त्यांना वापरता येणार नाही अशी वस्तू हातात द्यायची.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्याकडं आभाळ फाटलं. इतका पाऊस झाला, की बांध वाहून गेले, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, आणि बुजलेल्या ओढ्याचं पाणी शेजारच्या म्हाताऱ्यांच्या गोठ्यात शिरलं. आता चक्क्यांची गोष्ट मिटली, असं मला वाटलं. कसली मिटते! पाणी ओसरलं तसं पारावर ऐकू आलं, चक्क्यांनी ढग ओढून आणले. तेच लोक, तोच पार. म्हाताऱ्यांनी ओढ्यासाठी पुन्हा अर्ज केला. या वेळी त्यांच्याबरोबर मी गेले. ओढा अजून मोकळा झालेला नाही.

परवा शाळेत एक पालक भेटायला आले. शाळेच्या मागं मोबाईलचा टॉवर उभा राहतोय, त्याच्या किरणांनी लेकरांचा मेंदू खराब होतो, शाळेनं आडवं पडावं, असं त्यांचं म्हणणं. वावरातून थेट आले होते. त्यांच्या शर्टाला तो लसणीसारखा वास होता आणि त्यांची धाकटी त्यांच्या खांद्याला गाल लावून झोपलेली होती.

मी हसले नाही. त्यांना खुर्ची दिली. टॉवर कुणाच्या जागेत येतोय, ग्रामपंचायतीनं तुम्हाला विचारलं का, असं विचारलं. कुणीही विचारलं नव्हतं. “मग आधी ते विचारायला जाऊ,” मी म्हणाले. “किरणांचं मी वाचून सांगते. जेवढं खरं आहे तेवढं सांगते.” त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग मी उठून त्यांच्या खांद्यावरची पोर माझ्याकडं घेतली.

“आणि आता,” मी म्हणाले, “ह्या शर्टाचं बोलू.”

त्यांनी आधी शर्टाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “ह्याला काय झालंय, मॅडम? औषधच हाय की ते.”